अभ्यासाचा तास आणि हातातला मोबाइल



आजऱ्याला कॉलेजसाठी येणारी कितीतरी मुलं-मुली आसपासच्या गावांतून, वाड्या-वस्त्यांवरून एसटीने ये-जा करतात. घरी पोचेपर्यंत संध्याकाळ होते. अभ्यासाला उरतात दोन-तीन तास, आणि नेमके तेच रील्समध्ये जातात.

परीक्षेचं वेळापत्रक, नोट्स, शिष्यवृत्तीच्या सूचना आता व्हॉट्सॲपवरच येतात. म्हणून मोबाइल काढून घेणं हा उपाय मला पटत नाही. खरं नुकसान होतं ते वाचता वाचता मध्येच स्क्रीन उजळते तेव्हा. युनेस्कोचा २०२३ चा अहवाल सांगतो, की एकदा लक्ष विचलित झालं की पुन्हा अभ्यासात मन लागायला २० मिनिटांपर्यंत वेळ लागू शकतो. तासात तीनदा मोबाइल पाहिला, तर तो तास गेलाच म्हणायचा!

आपल्याच शिवाजी विद्यापीठाच्या क्षेत्रातलं एक गाव बघा. सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यातलं मोहित्यांचे वडगाव. कोविडकाळात ऑनलाइन वर्गांसाठी मुलांच्या हाती आलेला मोबाइल शाळा उघडल्यावरही सुटेना. मग २०२२ मध्ये गावाने ठरवलं: संध्याकाळी ७ वाजता भोंगा वाजला, की दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद. मुलांबरोबर मोठ्यांचेही! मला यातलं हेच सर्वांत मोलाचं वाटतं.

तेव्हा आजरेकर पालकांनो, आज मुलं अभ्यासाला बसली, की तेवढा वेळ तुमचाही मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा.