चालण्याचा हक्क आणि यंत्राची मालकी

(अलोरे येथे कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा संक्षिप्त मजकूर)



कोयना प्रकल्पाच्या या वसाहतीत उभे राहून यंत्राची निंदा करणे कोणालाच शोभणार नाही. जवळच कोळकेवाडी धरणाच्या पायथ्याशी ८० मेगावॅटचे ४ संच आहेत. विजेची मागणी वाढली की संचाची गती किंचित मंदावते. गव्हर्नर ती मंदी ओळखतो आणि पाण्याची वाट अधिक उघडतो. मागणी उतरली की तीच वाट तो आवळतो. केलेल्या कार्याचा परिणाम मागे आणून त्यावरून पुढचे कार्य सुधारणे, याला फीडबॅक म्हणतात. चालण्याची शक्ती गमावलेल्या माणसाला पुन्हा चालावयास शिकविणारी जी नवी साधने आली आहेत, ती याच तत्त्वावर उभी आहेत.

निरोगी माणूस चालतो तेव्हा तळवे, सांधे व स्नायू क्षणोक्षणी मज्जारज्जूला आणि मेंदूला वर्दी देत असतात. पक्षाघाताने वा मणक्याच्या इजेने ही वर्दी तुटते. पुष्कळदा ती पूर्ण तुटत नाही, आणि सारी आशा तेथेच आहे. नडगीवरील स्नायूच्या कातडीवर विद्युतअग्रे चिकटवली, तर स्नायूतला क्षीण विद्युतसंकेत पडद्यावर दाखवता येतो किंवा आवाजात ऐकवता येतो. मेलेला वाटणारा स्नायू थोडा का होईना हलतो आहे, हे रोग्याला स्वतः दिसते आणि तो प्रयत्न वाढवतो. हाच बायोफीडबॅक. पक्षाघातानंतर ज्यांचे पाऊल लोंबकळते अशा रोग्यांवर बास्माजियन व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो वापरला. नुसत्या व्यायामापेक्षा व्यायामाला याची जोड दिलेल्यांत सुधारणा अधिक झाल्याचे त्यांनी १९७५ साली प्रसिद्ध केले.

दुसरे साधन म्हणजे अंगावर चढवावयाचा यंत्रमानवी सांगाडा. खुब्याशी व गुडघ्याशी मोटारी, पाठीशी बॅटरी, आणि शरीराचा कल ओळखणारे संवेदक. याची कल्पना केवळ धनाढ्य कंपन्यांच्या डोक्यातून निघाली, असे कोणी समजू नये. युगोस्लाव्हियात, बेलग्रेडच्या मिहाइलो पुपिन संस्थेत, वुकोब्रातोविच यांनी १९७० च्या आसपास पांगळ्या रोग्यांसाठी असे सांगाडे घडविले होते. पुढे जपानात सांकाई यांनी स्नायूंचे संकेत वाचणारा ‘हाल’ तयार केला. इस्राएलच्या अमित गॉफर यांच्या ‘रीवॉक’ला २०१४ साली अमेरिकेत घरगुती वापराची परवानगी मिळाली. गॉफर स्वतः अपघाताने विकलांग झालेले. परंतु हातांतही पुरेसे बळ न उरल्यामुळे कुबड्यांच्या आधाराने चालवावयाचे ते यंत्र त्यांना स्वतःला वापरता येत नव्हते.

आता किमतीकडे वळू. अमेरिकेच्या सरकारी विमायोजनेने २०२४ साली अशा एका सांगाड्यासाठी सुमारे ९१ हजार डॉलरचा दर ठरविला. आंबा काढताना झाडावरून पडलेल्या गड्याला हा आकडा ऐकविणे म्हणजे क्रूर थट्टाच होय. म्हणून यंत्र नको, असे मात्र मी म्हणणार नाही. पक्षाघातानंतरच्या पहिल्या ३ महिन्यांत, ज्यांना मुळीच चालता येत नाही अशांना, फिजिओथेरपीच्या जोडीने अशी यंत्रे दिल्यास ते स्वतंत्रपणे चालू लागण्याची शक्यता वाढते, असे अनेक चाचण्यांचा एकत्र विचार करणाऱ्या अभ्यासांतून दिसले आहे. ‘जोडीने’ हा शब्द लक्षात ठेवा. जेथे फिजिओथेरपिस्टच नाही तेथे यंत्र नेऊन ठेवले, तर उद्घाटनाचे छायाचित्र निघेल, एवढेच. शिवाय असे यंत्र एकाच्या घरी असण्याची गरज नाही. जिल्हा रुग्णालयात एक असेल तर पाळीपाळीने अनेकांना वापरता येते. सामाजिक मालकीचा याहून सोपा दाखला मला सुचत नाही.

दुसरीही बाजू आहे. पावसाळ्यात शेवाळलेल्या पाखाडीवरून कुबड्या टेकीत हा सांगाडा चालवा, असे कोणताही शहाणा डॉक्टर सांगणार नाही. १९६८ च्या सुमारास जयपुरात कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी रबराचा पाय घडविला, तेव्हा आपला माणूस अनवाणी चालतो, उकिडवा बसतो आणि चिखलात उतरतो, हे आधी पाहिले. (कीर्ती बहुतांशी डॉक्टरांच्या वाट्याला आली, आपल्याकडे हातांच्या बुद्धीला मान उशिराच मिळतो.) कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांनी तर आपल्या आत्मकथेला ‘चाकाची खुर्ची’ असेच नाव दिले. ताठ उभे राहणे हीच माणसाची प्रतिष्ठा, असे आपण का मानावे? ज्याच्या मज्जारज्जूचा संबंध पुरता तुटला आहे, त्याला बहुधा सांगाड्यापेक्षा चांगली खुर्ची आणि दारापर्यंत उतार अधिक उपयोगी पडेल.

२०१६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्याचे कलम २७ शासनावर आणि स्थानिक संस्थांवर पुनर्वसनाची जबाबदारी टाकते. पण ‘आर्थिक कुवतीच्या मर्यादेत’ असे शब्दही त्यात घालून ठेवले आहेत. या पळवाटेतून जबाबदारी निसटते. तेव्हा जिल्हा रुग्णालयात चालण्याच्या प्रशिक्षणाची यंत्रे, कामथ्याच्या उपजिल्हा रुग्णालयात कायम नेमलेले फिजिओथेरपिस्ट आणि बायोफीडबॅकचे साधे उपकरण, ही मागणी आपण लेखी करावी. एसटीच्या तिकिटात अपंगांना सवलत आहे; गाडीची पहिली पायरी ज्याला चढता येत नाही त्याने ती कशी घ्यावी, हेही आगारप्रमुखांना विचारावे. आणि ग्रामपंचायतींनी स्वउत्पन्नाचे ५ टक्के अपंगांसाठी खर्च करावेत असा शासनाचा आदेश आहेच. येत्या ग्रामसभेत त्या रकमेचा हिशेब मागा, आणि वाडीतल्या कोणत्या पाखाडीला कठडा हवा, कोणत्या घरापर्यंत उतार हवा, याची यादी बरोबर घेऊन जा.