राजाने परत पाठवलेला शेवटचा भाग

(खुलताबाद येथील वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



झोपलेल्या मारुतीच्या गावात व्याख्यान द्यायचं म्हणजे जोखीमच. इथे देवच आडवा झालेला, मग श्रोत्यांना जागे राहा म्हणायचं कुठल्या तोंडाने? तेव्हा कुणाला डुलकी लागलीच तर ती भद्रा मारुतीच्या खात्यावर टाकू.

विषय मी वेगळाच ठरवून आलो होतो. काल रात्री बदलला. ज्यांच्याकडे उतरलो आहे त्यांची मुलगी अकरावीत आहे. हाका मारून मारून आई थकली, पण ही काही जेवायला येईना. आली तीही बोट पुस्तकात अडकवूनच. उशीएवढं जाड इंग्रजी पुस्तक, मुखपृष्ठावर तलवार आणि तलवारीवर चढलेली गुलाबाची वेल. पंखवाला राजपुत्र, माणसाची पोर, मध्ये कुठलासा शाप. चार भागांच्या मालिकेतला हा चौथा, म्हणजे शेवटचा. वडील मला म्हणाले, "सर, तुम्हीच सांगा हिला. केवढं ते पुस्तक, भाषा काय ती, आणि पानोपानी रक्त!" मुलगी गप्प राहिली. वरणभात कालवता कालवता तिने मला हळूच सांगितलं, की चाळीस पानं उरलीत आणि ती मुद्दाम वाचत नाहीये.

मला हसू आलं ते वडिलांच्या बोलण्याचं. त्यांचे हे तिन्ही आक्षेप, आणि नेमके याच क्रमाने, इथून सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटरवरच्या पैठणात एका राजाने घेतले होते.

गुणाढ्याची गोष्ट तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. प्रतिष्ठानच्या सातवाहन राजाचा हा प्रधान. राजा राण्यांबरोबर जलक्रीडा करत असताना एक राणी दमून म्हणाली, 'मोदकैः' मारा. मा आणि उदकैः, म्हणजे आता पाणी नको. संधी न कळून राजाने लाडू मागवले. राण्या हसल्या आणि राजाने अंथरूण धरलं. व्याकरण शिकायचंच, असा हट्ट. गुणाढ्य म्हणाला, सहा वर्षं लागतील. दुसरा प्रधान शर्ववर्मा म्हणाला, सहा महिन्यांत शिकवतो. गुणाढ्याने पैज मारली, तसं झालं तर मी संस्कृत, प्राकृत आणि देशी, तिन्ही भाषा सोडीन. पैज हरला. मुका होऊन दोन शिष्यांसह विंध्याच्या रानात गेला. तिथे काणभूती नावाच्या पिशाचाकडून पैशाची शिकला, आणि त्या चौथ्या भाषेत सात वर्षं बसून सात लाख श्लोकांचा ग्रंथ लिहिला. रानात शाई नव्हती, म्हणून स्वतःच्या रक्ताने लिहिला.

शिष्य पोथी घेऊन पैठणला आले. राजा म्हणाला, सात लाख म्हणजे भलताच पसारा, भाषा पिशाचांची, आणि वर हे रक्त. घेऊन जा परत.

यापुढचा भाग मला जगातल्या कुठल्याही पुस्तकाच्या प्रकाशनसमारंभापेक्षा मोठा वाटतो. गुणाढ्याने टेकडीवर अग्निकुंड पेटवलं. एक पान वाचायचं, मग ते आगीत टाकायचं. ऐकायला हरणं आली, रानडुकरं आली, रेडे आले. चरणं विसरून, डोळ्यांत पाणी आणून कडं करून उभी राहिली. इकडे राजवाड्यात राजा आजारी. वैद्य म्हणाले, मांस सुकं येतंय. स्वयंपाक्यांनी पारध्यांवर ढकललं, पारध्यांनी सांगितलं की रानात एक माणूस वाचतोय आणि जनावरं खाईनाशी झालीत. राजा धावला, तोवर सहा लाख जळून गेले होते. उरली एक लाखाची नरवाहनदत्ताची कथा. ती तरी का उरली? तर दोघा शिष्यांना ती फार आवडायची, म्हणून गुरूने आगीपासून बाजूला ठेवली होती.

ग्रंथातल्या सात कथांपैकी राजाच्या हाती पडलेली ही एकच. आणि कशाची कथा आहे ती? उदयन आणि वासवदत्तेचा मुलगा नरवाहनदत्त, त्याची मदनमंचुका, तिला पळवून नेणारा मानसवेग नावाचा विद्याधर. विद्याधर म्हणजे उडणारे, मंत्रविद्या जाणणारे, रूप पालटणारे. मग तिचा शोध, वाटेत आणखी नायिका, आणखी विद्या, लढाया आणि शेवटी विद्याधरांचं चक्रवर्तीपद. कालच्या त्या मुखपृष्ठावर यातलं काय नव्हतं, मला सांगा. गुलाब तेवढा जास्त.

उद्या सवड काढून वेरूळला उतरा. विद्याधर तुम्हाला दिसतीलच, पण मी पाठवतो आहे ते एकविसाव्या लेण्यात, रामेश्वरात. शंकर-पार्वती सारीपाट खेळताहेत आणि खाली गणांची टवाळ पोरं नंदीला छळताहेत. गुणाढ्याच्या त्या ग्रंथाची, म्हणजे बृहत्कथेची, सुरुवात अशाच प्रसंगाने होते. पार्वतीने कुणी न ऐकलेली गोष्ट मागितली, शंकराने दार लावून विद्याधरांच्या सात कथा सांगितल्या, आणि पुष्पदंत नावाच्या गणाने त्या चोरून ऐकल्या. बायकोला सांगितल्याशिवाय त्याला राहवलं नाही, बायकोने त्या थेट पार्वतीलाच ऐकवल्या. त्या शापातून पुढचं सगळं झालं. शेवट आधी फोडणाऱ्याला आपल्याकडे इतकी जुनी शिक्षा आहे.

मूळ पैशाची ग्रंथ आज नाही. आहेत ती दुसऱ्यांनी सांगितलेली रूपं, आणि गंमत अशी की त्यांतल्या कुणालाच शेवट धड जमलेला नाही. बुधस्वामीच्या संस्कृत रूपात नरवाहनदत्त आपल्या सव्वीस बायका कशा मिळाल्या ते सांगायला बसतो आणि पाच-सहांपर्यंत आल्यावर, अठ्ठाविसाव्या सर्गाशी, पोथी तुटते. काश्मीरच्या सोमदेवाने अकराव्या शतकात सूर्यवती राणीच्या मनोरंजनासाठी कथासरित्सागर रचला. त्याचे लंबक अठरा, पण राज्याभिषेक पंधराव्यातच उरकतो. सिंहासन मिळालं, प्रिया मिळाली, शत्रू संपले, तरी पुढे तीन लंबक चालूच. अठरावा तर उज्जैनच्या विक्रमादित्याचा! अभ्यासक याला रचनेतल्या विस्कळीतपणाची खूण म्हणतात, आणि ते बरोबरही असेल. मला मात्र तिथे सोमदेवाची अवस्था दिसते. राणी ऐकते आहे, आणि गोष्ट संपली तर तिने उठून कुठे जायचं? तिच्या घरात नवरा आणि मुलगा एकमेकांच्या जिवावर उठले होते. १०८१ साली नवऱ्याने, राजा अनंताने, आत्मघात केला आणि सूर्यवती चितेवर गेली.

दुसऱ्या तऱ्हेचा शेवट तुमच्याच गावात निजला आहे. अमीर हसन सिजझी. तुघलकाने राजधानी हलवली तेव्हा दिल्लीहून दौलताबादेत आलेला कवी. निजामुद्दीन औलियांची वचनं त्याने लिहून ठेवली म्हणून त्याला सगळे ओळखतात. पण त्याआधी, १३०१ साली, त्याने 'इश्कनामा' नावाचं फारसी प्रेमकाव्य रचलं. नायक-नायिका हिंदू. ती मरते, तो तिच्या चितेत उडी घेतो, आणि काव्य संपतं. तिथे पुढचा भाग काढायची सोयच नाही.

प्रेमाच्या अद्भुत गोष्टीला हे दोनच शेवट, चिता नाहीतर सिंहासन, आणि मराठीने आधी दुसराच धरला. १८६१ ची हळब्यांची 'मुक्तामाला', मागोमाग रिसबुडांची 'मंजुघोषा'. संकटं कितीही येवोत, शेवटी मीलन ठरलेलं. पुढे या कादंबऱ्यांना आपण भरपूर हसलो. वास्तव आलं, सामाजिक प्रश्न आले, ते यायलाच हवे होते. पण हसता हसता सोळा-सतरा वर्षांच्या वाचकाचं कपाट रिकामं करून बसलो. ते कपाट मग इंग्रजीने भरलं. २००७ च्या जुलैत हॅरी पॉटरचा सातवा भाग आला, २००८ च्या ऑगस्टमध्ये 'ट्वायलाइट'चा चौथा, आणि दोन्हींच्या शेवटांवरून वाचकांत तट पडले. एका गटाला लग्न-मुलंबाळं हवी होती, दुसऱ्याला तीच नको होती. लेखिका काय करणार? वाचकाला गोष्ट पुरी व्हायला हवी असते आणि संपायला नको असते.

म्हणून काल रात्री मी त्या वडिलांना एवढंच म्हणालो, की तुम्ही सातवाहनाच्या बाजूला बसला आहात, तेव्हा जेवणातलं मांस सांभाळा. ते शाकाहारी निघाले. मग मुलीला गुणाढ्य सांगितला. पारध्यांपर्यंत ती हसत होती. सहा लाख जळाले म्हटल्यावर ताटातला हात थांबला. तिने विचारलं, "त्या सहा भागांत काय होतं?" मी म्हणालो, सहा दुसऱ्या विद्याधर चक्रवर्तींच्या कथा. "त्यांच्या मदनमंचुकांची नावं?" ती कुणालाच ठाऊक नाहीत, म्हटलं. ती बराच वेळ हरणांबद्दल विचारत राहिली. हरणं कुठल्या पानाला आली, आधी गेलेली पानं त्यांना परत वाचून दाखवली का, असलं काहीबाही.

आज सकाळी चहाच्या वेळी ते पुस्तक टेबलावरच होतं. खूण म्हणून संभाजीनगरच्या एसटीचं तिकीट घातलेलं. मोजायचा मोह आवरला नाही. एकतीस पानं उरली होती.