कुंपणाच्या पानांची पारख

रायपूरचा सदर बाजार सोन्याचांदीच्या व्यापारासाठी प्रसिद्ध आहे. गिऱ्हाइकाने जुना दागिना पुढे ठेवला, म्हणजे जाणता सराफ लगेच भाव सांगत नाही. तो दागिना कसोटीच्या काळ्या दगडावर घासतो, उमटलेली रेघ निरखतो आणि मगच बोलतो. झाडाझुडपांच्या बाबतीत एवढी सबुरी फार थोडे लोक दाखवितात. अंगणातील कुंपणाची पाने पिवळी पडू लागली, की घरधनी दुकानाची वाट धरतो आणि मिळेल त्या औषधाची बाटली घेऊन परततो. निदान होण्यापूर्वीच उपचार सुरू होतो.

जास्वंद, कुंती, तगर, कण्हेर, ड्युरांटा ही कुंपणाची झुडपे सदाहरित म्हणून ओळखली जातात. सदाहरित याचा अर्थ पान कधीच न गाळणारी, असा मात्र नव्हे. त्यांचीही जुनी पाने पिकतात आणि गळतात. फक्त सारी एकाच वेळी गळत नाहीत. तेव्हा आतल्या बाजूची काही जुनी पाने पिवळी झाली, तर तो रोग न मानता झाडाचा नित्यक्रम समजावा.

याहून अधिक पिवळेपणा दिसला, तर तो जुन्या पानांवर आहे की कोवळ्या, हे प्रथम पाहावे. नत्र कमी पडले, म्हणजे झाड ते जुन्या पानांतून काढून कोवळ्या शेंड्याकडे पाठविते. घरात धान्य कमी असले, की वडीलधारी माणसे आपला घास मुलांच्या पानात वाढतात, तसाच हा प्रकार. म्हणून नत्राच्या टंचाईत खालची पाने सरसकट फिकट होतात. लोहाची गोष्ट उलट आहे. ते एका पानातून दुसऱ्या पानात सहसा जात नाही; त्यामुळे त्याची उणीव शेंड्यावर प्रकट होते. कोवळे पान पिवळे पडते आणि त्यावर शिरांची हिरवी जाळी तेवढी उठून दिसते.

येथे जमिनीचा विचार करावा लागतो. छत्तीसगढचा शेतकरी आपल्या जमिनींना भाटा, मटासी, डोरसा आणि कन्हार अशा नावांनी ओळखतो. भाटा ही उंचावरची मुरमाड जमीन. तिच्यात पाणी ठरत नाही आणि खतही टिकत नाही. कन्हार ही सखल भागातील काळी, चिकण जमीन. ती पाणी धरून ठेवते. भाट्यावरचे कुंपण पिवळे पडले, तर ते बहुधा उपाशी किंवा तहानलेले असते. कन्हारातले कुंपण श्रावणात पिवळे पडून मलूल झाले, तर मुळांशी पाणी तुंबून त्यांचा श्वास कोंडलेला असतो. तेथे आणखी पाणी घालणे म्हणजे बुडत्याच्या गळ्यात धोंडा बांधणे होय. त्या झुडपाला औषध नको, चर हवा. नव्या भिंतीच्या गिलाव्यातील चुना किंवा सिमेंट मातीत मिसळले, तर लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही. अशा वेळी लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस आणि त्याच्या निम्मा चुना मिसळून, गाळून, उन्हे उतरल्यावर पानांवर फवारतात. जमिनीत शेणखत मुरविणे हा त्याहून टिकाऊ उपाय.

दुसरी पाहणी दिशेची. नवतप्यात रायपूरचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. त्या दिवसांत पश्चिमेकडच्या पानांच्याच कडा करपल्या आणि पूर्वेची बाजू हिरवीगार राहिली, तर दोष बहुधा उन्हाचा असतो. कीड किंवा बुरशी अशी एकच बाजू नेमकी निवडत नाही.

तिसरी पाहणी पानाच्या पाठीची. पानावर बारीक फिकट ठिपके दिसले, तर फांदीखाली पांढरा कागद धरून ती झटकावी. कागदावर पडलेले कण चालू लागले, तर ते कोळी होत. पानावर काजळीसारखा थर असेल, तर तो बोटाने पुसून पाहावा. विदर्भातील संत्राबागाईतदार अशा प्रकाराला कोळशी म्हणतात. हा थर बुरशीचा असला, तरी मूळ अपराधी वेगळाच असतो. मावा, पिठ्या ढेकूण किंवा पांढरी माशी गोड चिकटा टाकते आणि त्यावर ती बुरशी वाढते. खोडावरून मुंग्यांची रांग चढत असेल, तर तीच या चोराचा माग दाखविते.

कीड सापडली, तरी विषाची घाई नको. २००८ साली तामिळनाडूत पपईवरील पिठ्या ढेकूण प्रथम आढळला आणि पुढे तो महाराष्ट्रातही पसरला. जास्वंदीलाही त्याने सोडले नाही. २०१० साली त्याच्यावर जगणारी एक चिमुकली गांधीलमाशी पोर्टो रिकोहून आणून सोडण्यात आली आणि तिने त्याला आवर घातला. सरसकट फवारणीत असे मित्र आधी मरतात. शिवाय जास्वंदीचे फूल देवाला वाहिले जाते. त्या पानाफुलांना लहान मुलांचे हात लागतात. पाण्याचा जोरदार फवारा आणि किडक्या शेंड्यांची छाटणी एवढ्यानेही पुष्कळ काम भागते.

कुंतीच्या बाबतीत मात्र दुर्लक्ष महाग पडू शकते. तिच्या कोवळ्या शेंड्यांवर सायला नावाची इवलीशी कीड शेपटाकडची बाजू वर उचलून बसते. हीच कीड संत्रा-मोसंबीच्या झाडांत ग्रीनिंग रोगाचा प्रसार करते आणि रोग जडलेले झाड बरे करणारे औषध अद्याप नाही. त्या रोगात संत्र्याच्या पानाच्या मध्यशिरेच्या दोन्ही बाजूंना पिवळे डाग पडतात, पण ते एकमेकांशी जुळत नाहीत. अन्नद्रव्याच्या उणिवेत दोन्ही बाजू सारख्या दिसतात. रायपूरच्या अंगणातील कुंती असो वा नागपूरकडच्या संत्राबागेशेजारची, नवी पालवी फुटताच तिचे शेंडे उलटून पाहावेत आणि कीड दिसलेले शेंडे त्याच दिवशी छाटून नष्ट करावेत.