गोळी आणि गळा
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



उभे राहून बोलण्याची मला सवय नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. भजनात पुढे बसून अभंग म्हणायचा, एवढेच मला ठाऊक. गेल्या वर्षी तो आवाजही बसला. त्याची हकीकत सांगावी असा चिटणीसबाईंचा आग्रह पडला, म्हणून उभी राहिले.

गेल्या आषाढात माझे ब्लडप्रेशर वाढलेले निघाले. डॉक्टरांनी रामिप्रिलची गोळी रोज घ्यायला सांगितली. महिन्याभराने कोरडा खोकला लागला. कफ नाही, ताप नाही, नुसती घशात खवखव. रात्री आडवे झाले की ढास लागे. ज्येष्ठमध चघळले, हळद घालून दूध घेतले, आल्याचा काढा झाला. उतार म्हणून पडेना. खोकून खोकून आवाज घोगरा झाला. कार्तिकी एकादशीला पहिल्याच चरणाला गळा फाटला. टाळ खाली ठेवून मी घरी आले आणि पदरात तोंड घालून रडले.

शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, गोळीमुळे असेल." झाले! मी कोणाला न सांगता गोळी बंद केली. हळूहळू खोकला गेला, आवाज सुटला. मला आनंद झाला. पण एके सकाळी पोळ्या लाटताना डोके ठणकू लागले आणि भोवळ आली. मुलाने दवाखान्यात नेले, तर प्रेशर 190 वर गेलेले!

डॉक्टर म्हणाले, "बाई, तुमचा संशय खरा होता, उपाय तेवढा चुकला."

मग त्यांनी समजावून दिले. रामिप्रिल, एनालाप्रिल, लिसिनोप्रिल या एका जातीच्या गोळ्या. त्यांच्यामुळे ब्रॅडिकायनिन नावाचे शरीरातलेच एक द्रव्य साठून राहते आणि खोकला उठतो. शंभरांत पाच ते वीस जणांना हा त्रास होतो, त्यांतही बायकांना अधिक. खोकल्याच्या माराने स्वरतंतू सुजतात आणि आवाज बसतो. गोळी थांबवल्यावर खोकला बहुधा एक ते चार आठवड्यांत जातो. मात्र तिच्या जागी दुसरी गोळी लागतेच. मला त्यांनी लोसार्टन दिली. तिने असा खोकला क्वचितच येतो. आता प्रेशरही ताब्यात आहे.

आणखी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. या गोळ्या घेताना ओठ, जीभ किंवा चेहरा सुजला, आवाज एकाएकी बदलला, श्वास अडकू लागला, तर पुढची गोळी न घेता तडक इस्पितळ गाठावे. असे फार थोड्यांना होते, पण ते जिवावर बेतू शकते. आणि आवाज बसला की दर वेळी गोळीलाच दोष देऊ नये. तीन आठवड्यांत घसा सुटला नाही, तर घशाच्या डॉक्टरांना दाखवावे.

भगिनींनो, भाजीवाल्याशी चार आण्यांसाठी हुज्जत घालणाऱ्या आपण, डॉक्टरांपुढे मात्र मुक्या होतो. "खोकल्यासाठी काय त्यांचा वेळ घ्यायचा?" असे मला वाटले, आणि ते माझ्या जिवाशी आले असते. त्रास झाला तर बोला. गोळी आपल्या मनाने सोडू नका.

आज संध्याकाळच्या भजनाला मी पुढे बसणार आहे. सगळ्यांनी यावे, ही विनंती करून माझे दोन शब्द पुरे करते.