किल्ली कोणाच्या कमरेला?



आजचा विषय 'हायब्रिड क्लाउड आणि आपले उद्योगधंदे' असा जाहीर झाला, तेव्हा पुष्कळांनी मला विचारले, की युनियनच्या माणसाचे या ढगांशी काय काम? मी कॉलेजची पायरी चढलेलो नाही. जे शिकलो ते कारखान्याच्या दारात आणि वाचनालयाच्या बाकावर. परंतु ज्या वह्यांत कामगाराचा पगार, भविष्यनिर्वाह निधी आणि पतपेढीतील ठेव लिहिलेली असते, त्या वह्या यापुढे कोठे ठेवावयाच्या, असा हा प्रश्न आहे. मग तो आमचा नव्हे तर कोणाचा?

प्रथम नावाचा बाऊ दूर करू. हा क्लाउड आकाशात नसतो. ती जमिनीवरची भक्कम इमारत असते. आत रांगेने हजारो संगणक, त्यांना अखंड वीज पुरविणारी आणि थंड ठेवणारी यंत्रे, आणि रात्रपाळीला जागणारी माणसे. अशा इमारती मुंबईत आहेत, पुण्यातही आहेत. तेथील संगणकांची शक्ती तारेवरून भाड्याने घ्यावयाची आणि वापराप्रमाणे पैसे मोजावयाचे, हा झाला सार्वजनिक क्लाउड. यंत्रे केवळ आपल्यासाठी राखलेली असली, तर ती खाजगी व्यवस्था. बहुधा ती आपल्याच आवारात असते. दोन्ही ठेवल्या आणि कामे व माहिती इकडून तिकडे नेता येईल अशा तऱ्हेने एकमेकींना जोडल्या, की ती संमिश्र व्यवस्था, तीच हायब्रिड.

भाड्याने घेण्यात गैर काही नाही, हे मी आधीच कबूल करतो. दहावीच्या निकालाची दुपार आठवा. एकाच वेळी लाखो घरांतून निकाल पाहिला जातो. त्या एका दुपारसाठी प्रचंड यंत्रे विकत घेऊन उरलेले वर्षभर धूळ खात ठेवणे हा शहाणपणा नव्हे. लग्नाला मांडव भाड्यानेच आणतात. पण देवघर कोणी भाड्याने आणीत नाही. कोणते काम मांडवाचे आणि कोणते देवघराचे, हे ओळखणे यातच संमिश्र व्यवस्थेचे सारे मर्म आहे.

आता एक दूरची, पण खरी हकीकत सांगतो. ऑस्ट्रेलियात युनिसुपर नावाचा निवृत्तिनिधी आहे. विद्यापीठांतील नोकरवर्गाकरिता तो निघाला. सभासद सहा लाखांहून अधिक. त्यांची बरीच यंत्रणा गूगलच्या क्लाउडवर होती. ती उभारताना गूगलच्या बाजूने एक रकाना कोरा राहिला. त्यामुळे एका भागाला नकळत एक वर्षाची मुदत पडली, आणि २०२४ च्या मे महिन्यात ती मुदत भरताच तो भाग आपोआप पुसला गेला. सुमारे आठवडाभर सभासदांना आपले खाते पाहता आले नाही. पैसा बुडाला नाही, आणि यंत्रणा पुन्हा उभी राहिली, कारण निधीच्या चालकांनी माहितीच्या प्रती दुसऱ्या एका सेवादाराकडेही ठेवलेल्या होत्या.

यात कोणाची लबाडी नव्हती, कोणाचा संप नव्हता. एक कोरा रकाना! जगातील एका बलाढ्य कंपनीच्या हातून ही चूक होते, तर आपल्याच खोलीतील यंत्र कधी बिघडणारच नाही असेही कोणी समजू नये. आगही लागते, पूरही येतो. म्हणून माझा आग्रह 'सारे घरीच ठेवा' असा नाही. सारे एकाच छपराखाली आणि एकाच मालकाच्या हाती देऊ नका, एवढाच आहे.

दुसरी गोष्ट पैशाची. मोठ्या कंपन्यांच्या गोदामात माहिती आत नेण्यास बहुधा आकार पडत नाही. बाहेर आणण्यास पडतो. २०२४ मध्ये तीन प्रमुख कंपन्यांनी जाहीर केले, की जो ग्राहक कायमचा सोडून जाईल त्याच्याकडून हा आकार घेणार नाही. चांगले झाले. परंतु रोजच्या ये-जा करण्याचे बिल राहतेच. आणि एखाद्या कंपनीच्या खास साधनांवर आपले काम बेतले, म्हणजे ते दुसरीकडे नेताना पुष्कळ भाग नव्याने लिहावा लागतो. म्हणून घरात शिरण्यापूर्वीच बाहेर पडण्याचे दार पाहून ठेवावे. रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये बँकांना संगणकीय कामे बाहेर देण्याविषयी जे निर्देश दिले, त्यांत हेच तत्त्व होते: काम बाहेर दिले तरी जबाबदारी बाहेर जात नाही, आणि बाहेर पडण्याची योजना आधीच तयार हवी.

तिसरी गोष्ट माणसांची, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची. क्लाउड आला, की व्यवस्थापनाला वाटते, आता संगणकखोलीतील चार माणसे कशाला? वस्तुतः दोन व्यवस्था जोडल्या म्हणजे काम कमी होत नाही, बदलते. कोणाला कोणते कपाट उघडण्याची परवानगी आहे, माहितीला कुलूप कोणते लावले, भाड्याचे बिल अचानक का फुगले, ठेवलेली प्रत खरोखर उघडते की नाही, हे पाहणारे कोणी तरी हवे. जुनी व्यवस्था ज्यांनी पंधरा वर्षे सांभाळली त्यांनाच हे शिकवा. त्यांना घरी बसवून ठेकेदाराचा माणूस आणलात, तर किल्ली त्याच्या कमरेला जाईल आणि आपण आपल्याच दारात उभे राहू.

युनियन यंत्राच्या आड येते, हा जुना आरोप आहे. १९८३ साली बँक-कर्मचारी संघटना आणि बँकांचे व्यवस्थापन यांच्यात संगणकाविषयी करार झाला, हे आरोप करणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. यंत्रे आली, पण समोरासमोर बसून ठरवून आली. आजही आमचे मागणे तेवढेच आहे. कोणते काम घरी आणि कोणते भाड्याने, याची यादी काम करणाऱ्यांसमोर ठेवा. एक प्रत निराळ्या ठिकाणी, निराळ्या मालकाकडे ठेवा आणि ती उघडून पाहण्याची तालीम वर्षातून एकदा तरी करा. आणि करारावर सही करण्यापूर्वी आपल्या माणसांच्या शिक्षणाचा खर्च त्याच अंदाजपत्रकात धरा.

आपणांपैकी कोणी पतपेढीचे संचालक असतील, कोणी कारखानदार असतील, बरेचसे साधे ठेवीदार असतील. पुढच्या वार्षिक सभेत अहवाल मंजूर करण्यापूर्वी उभे राहून एकच प्रश्न विचारा: 'आपल्या वह्या उद्या दिसेनाशा झाल्या, तर दुसरी प्रत कोठे आहे, आणि ती उघडणारा आपला माणूस कोण?' उत्तरात एक जागा आणि एक नाव आले, तर निश्चिंत मनाने घरी जा. नुसत्या कंपनीचे नाव आले, तर मात्र खाली बसू नका.