शेवटच्या पानासकट



 परिषदेच्या अध्यक्षाने आपल्या, ग्रंथपाल-अभिलेखपालांच्या, व्यवसायाच्या सगळ्या अंगांचा धावता आढावा घ्यावा असा प्रघात आहे. तो बाजूला ठेवून आज मी एकाच प्रकारच्या कागदाबद्दल बोलणार आहे. हा कागद आपल्या दप्तरी सहसा येत नाही आणि आलाच तर ‘किरकोळ’ असे लिहिलेल्या गठ्ठ्यात जाऊन पडतो. समलिंगी आणि ट्रान्सजेंडर मंडळींनी, धर्मसंस्था न सोडता तिच्यात आपली जागा मागणाऱ्या श्रद्धावंतांनी आणि रूढ धर्माबाहेर अध्यात्माची वाट शोधणाऱ्यांनी आपापल्या माणसांसाठी काढलेली वार्तापत्रे, हा तो कागद. चार-आठ पाने, टंकलिखित, सायक्लोस्टाइल केलेली किंवा झेरॉक्स काढलेली, कोपऱ्यात एक पिन मारलेली. ही वार्तापत्रे जपायला हवीत, आणि जपायची तर अखंड जपायला हवीत, असे माझे म्हणणे आहे. लेख तेवढे ठेवायचे आणि शेवटच्या पानावरची निवेदने, बैठकांच्या वेळा, पत्रपेटीचे क्रमांक टाकून द्यायचे ही आपली सवय या कागदांच्या मुळावर येते.

असे का, ते सांगतो. मोठ्या संस्थेचे मुखपत्र ही त्या संस्थेची सावली असते. संस्थेला इमारत असते, घटना असते, इतिवृत्ताच्या वह्या असतात. मुखपत्र हरवले तरी बाकीच्यांवरून इतिहास जुळवता येतो. ज्या समूहांबद्दल मी बोलतो आहे त्यांच्याजवळ यातले काहीच नव्हते. 1947च्या जून महिन्यात लॉस एंजलिसमधल्या एका चित्रपट कंपनीत सेक्रेटरी असलेल्या एडिथ आइड यांनी ‘व्हाइस व्हर्सा’ नावाचे स्त्री-समलिंगींचे पत्र सुरू केले. कचेरीत काम नसेल तेव्हा कार्बन कागद घालून त्या एकेक अंक टंकत. एका वेळी मूळ प्रत आणि पाच कार्बन. तेच दुसऱ्यांदा टंकायचे, म्हणजे जेमतेम डझनभर प्रती. असे नऊ अंक निघाले. प्रती हातोहात दिल्या जात आणि वाचून पुढे दिल्या जात. या समूहाला सभासद नव्हते, कार्यालय नव्हते, नावही नव्हते. अंक ज्या हातांतून फिरला ते हात, एवढाच तो समूह. इथे पत्र आणि संस्था या दोन गोष्टी वेगळ्या काढताच येत नाहीत.

श्रद्धेच्या क्षेत्रातले उदाहरण तर आणखी बोलके आहे. 1974 मध्ये अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या फोर्ट व्हॅली या लहान गावातून लुई क्रू या इंग्रजीच्या प्राध्यापकांनी एपिस्कोपल चर्चमधल्या समलिंगी श्रद्धावंतांसाठी ‘इंटिग्रिटी’ हे वार्तापत्र काढले. संघटना आधी आणि मग तिचे पत्र, असा क्रम इथे नव्हता. आधी पत्र निघाले. ते वाचून शिकागोत काही माणसे एकत्र आली, तिथे पहिली शाखा झाली आणि 1975 मध्ये पहिले राष्ट्रीय अधिवेशनही तिथेच भरले. पुढच्याच वर्षी मिनियापोलिस इथे भरलेल्या चर्चच्या सर्वसाधारण सभेने ठराव केला, की समलिंगी माणसे ही देवाची लेकरे आहेत आणि चर्चच्या प्रेमावर, स्वीकारावर त्यांचा इतरांइतकाच पूर्ण हक्क आहे. तो ठराव अधिकृत इतिवृत्तात सुरक्षित आहे आणि कोणीही तो वाचू शकतो. पण दोन वर्षांत हे घडले कसे? कोणत्या गावातून कोणी पहिले पत्र लिहिले, कोणत्या पाद्र्याने आपल्या सभागृहाची किल्ली दिली, कुठे चार माणसे जमली आणि कुठे एकही आले नाही, याचे उत्तर इतिवृत्तात सापडणार नाही. ते वार्तापत्राच्या मागच्या पानावर, बैठकांच्या यादीत असते. इतिवृत्तात निर्णय सापडतो. निर्णयापर्यंतची पायपीट या यादीत सापडते. यादी कापून लेख जपणाऱ्या ग्रंथालयाने वाचकाच्या हाती नेमके काय दिले, याचा आपण विचार करावा.

हे तीन प्रवाह मी एकत्र का घेतो, असा प्रश्न काहींच्या मनात आला असेल. मी ते एकत्र आणलेले नाहीत, मुळातच ते एकमेकांत मिसळलेले आहेत. ‘आरएफडी’ हे नियतकालिक 1974 मध्ये आयोवा राज्यात सुरू झाले. ग्रामीण भागात घरपोच टपाल पोचवण्याच्या अमेरिकन योजनेची ही आद्याक्षरे. खेड्यात राहणाऱ्या समलिंगी पुरुषांनी वाचकांच्याच मजकुरावर ते चालवले, दर अंकाला त्या तीन अक्षरांचा नवा विस्तार शोधला, आणि या राज्यातून त्या राज्यात बिऱ्हाड हलवत ते जगवले. 1979 मध्ये अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात, बेन्सनजवळच्या श्रीराम आश्रमात, ‘रॅडिकल फेअरी’ म्हणवणाऱ्या आध्यात्मिक पंथाचा पहिला मेळावा भरला, आणि पुढे या पंथाचे आणि या पत्राचे नाते घट्ट होत गेले. आता हे पत्र ग्रंथपालाने कुठे लावायचे? शेतीत, लैंगिकतेत की धर्मात? एका कप्प्यात लावले की उरलेल्या दोन कप्प्यांत शोधणाऱ्याला ते दिसत नाही. आणि कप्प्यांची नावे तरी कुठे निरपराध होती! अमेरिकन काँग्रेसच्या ग्रंथालयाच्या विषयशीर्षकांत समलिंगी माणसांना विकृतीच्या शेजारी बसवले होते. सॅनफर्ड बर्मन या ग्रंथपालाने 1971 मध्ये त्या शीर्षकांतल्या पूर्वग्रहांवर अख्खे पुस्तक लिहिले, तेव्हा कुठे व्यवसायाला आरसा दिसला. पर्यायी अध्यात्माच्या वाट्याला असलीच हेटाळणी आली आहे. ‘थिऑसॉफिस्ट’ मासिकाचा पहिला अंक ऑक्टोबर 1879 मध्ये आपल्या मुंबईतून निघाला. त्या मासिकामागे थिऑसॉफिकल सोसायटीचे अड्यारचे ग्रंथालय उभे राहिले म्हणून ते तगले. पण एकोणिसाव्या शतकातल्या अशा शेकडो गूढवादी आणि प्रेतविद्यावादी पत्रांना कोणी वाली नव्हता. त्यांच्या जतनासाठी अलीकडे जी आंतरराष्ट्रीय संस्था उभी राहिली, ती हौशी संशोधकांनी आणि संग्राहकांनी उभी केली. मोठ्या ग्रंथालयांनी ही पत्रे आपल्या वाचकांची मानली नव्हती.

मराठी माणसाला हे नुकसान नवे नाही. 1877 मध्ये सुरू झालेल्या ‘दीनबंधू’चे सुरुवातीचे सलग अंक आज हाती लागत नाहीत, आणि सत्यशोधक चळवळीचा अभ्यासक प्रतिपक्षाने केलेल्या टीकेवरून मूळ मजकुराचा अंदाज बांधत बसतो. पन्नास-साठच्या दशकांतल्या अनियतकालिकांची तीच गत. 1955च्या सुमारास ‘शब्द’ सायक्लोस्टाइलवर निघाले तेव्हा ग्रंथालयांनी ते वर्गणी भरून घेतल्याचे ऐकिवात नाही; आज त्याची एक प्रत दाखवायला मिळाली तरी विद्यापीठे धन्य होतात. कायद्याची मदत अशा कागदाला होत नाही. 1867च्या कायद्याने छापखान्यातून निघालेल्या पुस्तकांची नोंद आणि प्रत सरकारकडे जाऊ लागली, पण ‘खाजगी वितरणासाठी’ एवढे लिहून घरातून निघालेले पान त्या जाळ्यात सापडत नसे. कित्येकदा ते सापडू नये म्हणूनच तसे लिहिलेले असे.

आपल्याकडच्या समलिंगी चळवळीचा कागद नेमका या फटीतला आहे. अशोक राव कवी यांनी 1990 मध्ये मुंबईत ‘बॉम्बे दोस्त’ सुरू केले, ते पुढे नोंदणीकृत झाले म्हणून त्याचा माग लागतो. पण कोलकात्याच्या कौन्सेल क्लबचे ‘प्रवर्तक’, मुंबईच्या स्त्री-समलिंगी गटाचे ‘स्क्रिप्ट्स’, आणि कॅलिफोर्नियात 1986 पासून दक्षिण आशियाई समलिंगींना जोडणारे ‘त्रिकोण’ यांचे अंक बहुतेक ठिकाणी व्यक्तींच्या कपाटातच राहिले. कपाटाचा मालक गेला, की घरचे लोक आधी तेच गठ्ठे रद्दीत काढतात. किमतीचा प्रश्न तिथे नसतो, लाजेचा असतो. म्हणून या कागदाला वेळ थोडा आहे. बंगळुरूच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठात आज ‘कामरा’ हा क्वीअर अभिलेखसंग्रह उभा आहे, अमेरिकेतल्या दक्षिण आशियाई डिजिटल संग्रहाने 2008 पासून स्थलांतरितांचा कागद जमवला आहे. मराठी ग्रंथालयांनी मात्र अजून या दिशेने पाऊल टाकलेले नाही.

आता सर्वांत गंभीर आक्षेपाकडे येतो. मागचे पान जपा म्हणता, पण त्या पानावर माणसांची नावे असतात. ज्याने 1992 मध्ये विश्वासाने आपला पत्ता दिला, त्याला तुम्ही उघडे पाडणार का? हा आक्षेप खरा आहे आणि तो इतिहासानेच शिकवला आहे. सॅन फ्रान्सिस्कोत ऑक्टोबर 1956 मध्ये ‘द लॅडर’ या स्त्री-समलिंगींच्या पत्राचा पहिला अंक 175 प्रतींचा निघाला आणि दुसऱ्याच अंकात ‘तुमचे नाव सुरक्षित आहे’ असे आश्वासन छापावे लागले. त्यासाठी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या 1953च्या एका निकालाचा दाखला दिला होता: एका प्रकाशकाने ग्राहकांची नावे चौकशी समितीला द्यायचे नाकारले होते आणि न्यायालयाने त्याची बाजू घेतली होती. ते आश्वासन ज्या नावाने लिहिले, तेच संपादिकेने घेतलेले खोटे नाव होते. दोन-तीन महिन्यांतच तिने ते टाकले आणि खरे नाव लावले. भीती किती खोल होती, हे एवढ्यावरून कळते. टोरांटोत 30 डिसेंबर 1977 रोजी पोलिसांनी ‘बॉडी पॉलिटिक’ या समलिंगी पत्राच्या कचेरीवर छापा घातला आणि नेलेल्या कागदांत वर्गणीदारांच्या याद्याही होत्या. याच पत्राच्या जुन्या दप्तरातून 1973 मध्ये कॅनडाचा समलिंगी अभिलेखसंग्रह जन्मला होता, हे ध्यानात घ्या: जपला जाणारा आणि धोक्यात येणारा कागद एकच होता. आणि ताजे उदाहरण 2016चे आहे. ‘ऑन अवर बॅक्स’ या स्त्री-समलिंगी नियतकालिकाचे सगळे अंक एका डिजिटल प्रकल्पाने महाजालावर खुले केले होते. ग्रंथपाल तारा रॉबर्टसन यांनी विचारले, की छोट्या वाचकवर्गासाठी छायाचित्र देणाऱ्या बाईने जगभर दिसण्याला संमती कधी दिली? अंक काढून घेण्यात आले.

रॉबर्टसन यांचा प्रश्न मला पूर्ण मान्य आहे. पण त्या प्रश्नाचा रोख जतनाकडे नव्हता, प्रसाराकडे होता. या दोन गोष्टी आपण एक समजतो आणि म्हणून घाबरून दोन्ही सोडून देतो. संग्रहात अखंड अंक ठेवणे वेगळे, वाचनकक्षात नोंद करून अभ्यासकाला दाखवणे वेगळे आणि महाजालावर टाकणे त्याहून वेगळे. पहिले नेहमीच करावे. दुसरे समूहाने घातलेल्या मुदतीनंतर आणि अटींवर. तिसरे केवळ समूहाच्या संमतीने, आणि नावे झाकायची तर प्रतिकृतीवर झाकावीत, मूळ पानाला शाई लावू नये. झाकलेले उद्या उघडता येते, फाडलेले नाही. 2018 मध्ये भारतीय दंडसंहितेच्या कलम 377च्या कचाट्यातून प्रौढांचे संमतीचे संबंध सुटले म्हणून सगळे मोकळे झाले, असे मी म्हणणार नाही. न्यायालयाने दिलेले स्वातंत्र्य प्रत्येक घरात पोचलेले नाही. म्हणूनच मुदत ठरवण्याचा अधिकार आपल्याकडे नसावा, ज्यांचे नाव छापले गेले त्यांच्याकडे असावा. संशोधन आणि अभिलेखजतन यांना काही अटींवर सूट देण्याची तरतूद 2023च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात आहे. पण ती सूट म्हणजे आपल्या बेफिकिरीला मिळालेला परवाना नव्हे.

धर्मसंस्थेतल्या मतभेदाचे कागद सार्वजनिक ग्रंथालयात ठेवल्याने भावना दुखावतील, असाही एक आक्षेप येतो. ख्रिस्ती मिशनऱ्यांचे ‘ज्ञानोदय’ 1842 पासून आणि प्रार्थना समाजाची ‘सुबोध पत्रिका’ 1873 पासून मराठी समाजाशी वाद घालत आली. दोन्ही आपण जपली, आणि त्यांच्याशिवाय एकोणिसाव्या शतकाचा इतिहास कोणी लिहू धजत नाही. जे तेव्हा चालले ते आता का चालू नये? जागेच्या सबबीबद्दल फार बोलावेसे वाटत नाही. आठ पानी पत्राची तीस वर्षे एका कपाटाच्या एका खणात मावतात. ‘आता सगळे संगणकावर आहे’ या समाधानात मात्र खरा धोका आहे. याहू ग्रुप्सने 2019च्या अखेरीस वर्षानुवर्षांचा मजकूर पुसला, आणि त्यात आपल्याकडच्या कितीतरी गटांची सुरुवातीची दहा-वीस वर्षे गेली. कार्बन प्रत निदान कोणाच्या तरी ट्रंकेत राहत होती.

सुरुवात कुठून करावी? मोठी इमारत, मोठा निधी यांची वाट न पाहता. अमेरिकेत समलिंगींच्या धार्मिक इतिहासासाठी 2001च्या सुमारास जे अभिलेखजाळे उभे राहिले, त्याने कागद स्वतःकडे ओढण्यापेक्षा कोणता कागद कुठे आहे याची सूची करण्यावर आणि गटांना योग्य ग्रंथालयाशी जोडून देण्यावर भर दिला. ही पद्धत आपल्या रक्तातली आहे. शंकर गणेश दाते यांनी मराठी ग्रंथांची आणि नियतकालिकांची सूची केली तेव्हा त्यांच्या मालकीचे भांडार नव्हते. दारोदार जाऊन, अंक हाताळून, ‘पाहिले’ आणि ‘ऐकले’ यांत भेद करून त्यांनी नोंदी केल्या. त्याच शिस्तीने या वार्तापत्रांची संयुक्त सूची करण्याचा ठराव दुपारच्या सत्रात मी आपल्यापुढे ठेवणार आहे. नोंदपत्रिकेचा मसुदा आपल्या टेबलांवर आहे. त्यात पत्राचे नाव, बदललेली नावे, गाव, काढणाऱ्या गटाने स्वतःसाठी वापरलेला शब्द, उपलब्ध अंक, गंजलेल्या पिना काढल्या की नाही, गटाने घातलेली मुदत, असे रकाने आहेत. व्यक्तींच्या नावांसाठी रकाना मुद्दाम ठेवलेला नाही. आणि शेवटचा रकाना आहे: मागचे पान आहे का?