जिन्यातली गोष्ट



वर्णद्वेष म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे दक्षिण आफ्रिका येते. तिथे १९९४ साली मंडेला अध्यक्ष झाले आणि आपल्याला वाटले, चला, मिटला प्रश्न! पण २०१४ च्या जानेवारीत आपल्याच राजधानीत काय झाले? अरुणाचलचा निदो तानिया, कॉलेजात शिकणारा पोरगा. लाजपतनगरात त्याच्या केसांची थट्टा झाली, तीवरून मारहाण झाली, आणि दुसऱ्या दिवशी तो गेला.

दिल्लीवाल्यांना नावे ठेवणे सोपे आहे. २०२० साली, करोनाच्या धास्तीत, आमच्या वाड्यात मणिपूरच्या दोन परिचारिका राहत होत्या. आपल्याच गावच्या रोग्यांची शुश्रूषा करून त्या रात्री परतत. जिन्यात दिसल्या की मी नाकाला पदर लावी. नातवाने त्यांना 'चिनी' म्हटले. मी रागावले नाही. कशी रागावणार? तो शब्द त्याने माझ्याच तोंडून उचलला होता!

मे महिन्यात त्यांनी खोली सोडली. त्यांतली धाकटी किल्ली द्यायला आली. "येते हं, काकू," म्हणाली. मी हात लांब करून किल्ली घेतली. तिला 'बस' म्हटले नाही. शेजारीण मात्र त्याच सकाळी आमच्याकडे चहा पिऊन गेली होती.